पऱ्हाटी जाळायची की जिरवायची?

४ जुलै ते ३० सप्टेंबर २०२४ या तीन महिन्यांत देशातल्या पाचशे आकांक्षित तालुक्यांमध्ये 'संपूर्णता अभियान' राबवलं गेलं. सहा कामं शंभर टक्क्यांवर न्यायची, असा आदेश होता. गरोदर बायांची वेळेत नोंदणी, मधुमेहाची तपासणी, रक्तदाबाची तपासणी, अंगणवाडीचा पूरक आहार, बचत गटांना फिरता निधी ही पाच. सहावं आणि शेतीशी संबंध असलेलं एकमेव काम म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. वावरातून मातीचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि शेतकऱ्याच्या हातात पत्रिका द्यायची.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं नार्नूर या पाचशेंपैकी एक. गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठी बोलणारी कुटुंबं एकाच बाजारात भेटतात, असा हा डोंगराळ मुलूख. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका. १९५६ पर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुकेही आदिलाबादमध्येच होते, त्यामुळे इथली सोयरीक आणि भाषा सीमेच्या दगडापाशी थांबत नाही. २१ एप्रिल २०२५ च्या नागरी सेवा दिनी नार्नूरमधल्या कामासाठी आदिलाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांना पंतप्रधान पुरस्कार मिळाला. कौतुक रास्तच आहे. पण पत्रिका वाटून झाल्यावर मातीचं काय होतं, हा प्रश्न पुरस्काराच्या यादीत नसतो.

पत्रिकेवर बारा आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शेतकरी बहुधा पहिले तीन बघतो, कारण खताच्या दुकानात पोत्यावर तेच छापलेले असतात. खरा आकडा शेवटचा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन 'कमी' या खान्यात पडते. पुनरुज्जीवनाच्या शेतीची सगळी धडपड त्या एका आकड्यासाठी आहे: मशागत कमी करायची, जमीन उघडी पडू द्यायची नाही, पिकं मिसळायची, मुळं जमिनीतच ठेवायची आणि वावरातून जे निघालं त्यातलं जमेल तेवढं वावरालाच परत द्यायचं.

इथला पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे मराठवाड्याला हेवा वाटावा असा. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडतो आणि जमीन उताराची. खालच्या पट्ट्यात काळी कसदार माती, वर चढलं की बरड. जोराच्या सरीत बरडावरची माती धुऱ्यावरून ओसंडून ओढ्याला जाते आणि ऑक्टोबरात तेच वावर पाण्यासाठी तहानलेलं असतं.

पूर्वी याला एक उत्तर होतं: जमिनीला विसावा देणं. १९४० मध्ये निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमरम भीम जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांना या भागात पाठवलं. नार्नूरशेजारच्या जैनूर भागातल्या मारलावाईत ते राहिले. डोंगरावरचे कोलाम दोन-तीन वर्षं एक तुकडा कसत, मग तो सोडून दुसरीकडे जात, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. हलक्या जमिनीवरचे गोंडही वावर पड टाकत. पड पडलेल्या जागी झुडूप वाढे, पालापाचोळा पडे, माती पुन्हा उभी राही. वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि हे चक्र तुटलं. तेव्हापासून तोच तुकडा दरसाल नांगरला जातो. आज 'नव्या' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शेतीतला विसाव्याचा भाग या लोकांकडे होता आणि तो सरकारी कागदाने काढून घेतला, हे प्रसाराच्या भाषणांत कुणी सांगत नाही.

मग कापूस आला. ज्वारी, तूर, मूग यांचं मिसळलेलं रान हळूहळू पांढरं झालं. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. आदिलाबादचा कापूस बाजार मोठा, दुकानदार बियाणं-खत उधारीवर देतो आणि दिवाळीनंतर कापूस नेतो. ज्वारीवर कुणी उधारी देत नाही. नार्नूरचा शेतकरी कापूस का लावतो, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

कापसाच्या वावरात मातीची गाठ जिथे बसली आहे, ती जागा मार्च-एप्रिलात दिसते. शेवटची वेचणी झाली, गुरं पालवी खाऊन गेली की कमरेएवढ्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, उभ्या राहतात. त्या उपटायच्या, धुऱ्याजवळ रचायच्या, थोड्या चुलीला न्यायच्या आणि उरलेल्या पेटवून द्यायच्या. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी एकरी टनभर सहज निघते. त्यातला कर्ब एका संध्याकाळी धूर होतो.

तरीही जाळणारा शेतकरी अडाणी नाही. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटीची विल्हेवाट लावा, असं कृषी खातंच सांगतं. दुसरी अडचण काडीची. ती लाकडासारखी कडक असते. तशीच मातीत गाडली तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. तिसरी अडचण वेळेची. आगीला आगपेटी लागते. काडीचा भुसा करायला यंत्र, डिझेल आणि भाडं लागतं. पऱ्हाटी बारीक करून शेणकाल्यासोबत ढिगात कुजवली तर अळीही मरते आणि खतही मिळतं. उपाय ठाऊक आहे. गावात भाड्याने मिळणारं कुट्टीयंत्र आहे का, प्रश्न तिथे अडतो.

गंमत म्हणजे हा उपाय शोधला गेला तो कापसाच्या काळ्या जमिनीवरच, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात होता. १९२४ मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिथे होते, आणि मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा संस्थेला मिळत होता. कापसाच्या काड्या, तण, गोठ्यातला चिखल, राख यांचे थर रचायचे, ओल सांभाळायची, ढीग ठरावीक काळाने उलथायचा, अशी पद्धत तिथे बसवली गेली. कडक काडी आधी बैलगाडीच्या रस्त्यावर टाकायची, म्हणजे चाकांखाली ती चिरडते, ही युक्तीसुद्धा त्यातलीच. १९३१ मध्ये या कामावर जे पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डना पितामह केलं. वाड मात्र महाराष्ट्रातही फारसे कुणाला आठवत नाहीत.

'पुनरुज्जीवनाची शेती' हे नाव पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी रूढ केलं. त्या परंपरेतलं आजचं गाजलेलं उदाहरण म्हणजे नॉर्थ डकोटातले पशुपालक शेतकरी गेब ब्राउन. नांगर त्यांनी आधीच सोडला होता. १९९५ पासून सलग चार हंगाम गारपीट आणि दुष्काळाने बुडाल्यावर त्यांनी आच्छादनाची पिकं पेरली आणि त्यावर गुरं फिरवून चारली. त्यांची व्याख्यानं आता भारतातही ऐकली जातात. पण त्यांच्या हजारो एकरांभोवती कुंपण आहे. नार्नूरकडे सुगी संपली की गुरं मोकळी सुटतात, कुणाच्याही वावरात चरतात, आणि तो गावाचा जुना रिवाज आहे. कुणी एकट्याने हिवाळ्यात आच्छादनासाठी बोरू किंवा चवळी पेरली, तर ती आठवड्यात शेजाऱ्याच्या बैलांच्या पोटात जाते. इथे गाव एकत्र बसून चराईचा नियम ठरवत नाही तोवर जमीन झाकलेली राहणं अवघड. अमेरिकेचं पुस्तक त्या पानावर कामाचं नाही.

जवळचे नमुने अधिक बोलके आहेत. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथले सुभाष शर्मा यांनी नव्वदच्या दशकात रासायनिक शेती सोडली आणि गाय, झाड, पक्षी, वनस्पती या चौघांच्या आधाराने शेत उभं केलं. उताराला आडवे चर काढून पाणी जागच्या जागी मुरवणं हा त्यांच्या पद्धतीचा कणा. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांना ती २०१६ मध्येच मिळाली होती. त्यांचं जीवामृत आता खेडोपाडी माहीत आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीच सोडून दिली. मागच्या पिकाची मुळं जागेवर कुजू दिली की वेगळं खत आणून टाकण्याची गरज घटते, असं त्यांचं म्हणणं. नेरळजवळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावरच्या भाताची 'सगुणा' पद्धत आणली. तीत नांगरट नाही, पण तणासाठी तणनाशक आहे. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही. मजूर मिळत नसलेल्या शेतकऱ्याला मात्र चटकन पटतं. हा वाद तत्त्वाने मिटणारा नाही, निंदणाच्या मजुरीने मिटेल.

तणनाशकाचा धोका खोटा नाही. विदर्भ आणि तेलंगणात तणनाशक सोसणारं बेकायदा कापूस बियाणं पसरलं आहे; त्यात फवारणी सोपी होते आणि तुरीचं तास वावरातून हद्दपार होतं, कारण तूर ते औषध सोसत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने वीसहून अधिक माणसं दगावली, ही आठवणही या पट्ट्यात ताजी आहे.

मग माती खरंच किती सुधारते? याचं सगळ्यात भक्कम उत्तर तेलंगणातच आहे. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन तुकडे शेजारी शेजारी चालवले. एकावर जुनी रीत. दुसऱ्यावर रुंद वाफे आणि सऱ्या, ज्वारीसोबत तूर आणि बेताचं रासायनिक खत. सुधारित तुकड्याने दरसाल हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य दिलं, जुन्याने एक टनाच्या आसपास. चोवीस वर्षांनी एक मीटर वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतचा कर्ब मोजला तेव्हा सुधारित तुकड्यात हेक्टरी ४६.८ टन भरला, जुन्यात ३९.५. आपल्याकडे 'बीबीएफ' म्हणून सोयाबीनसाठी गाजलेली पेरणी ती हीच.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. वर्षाला हेक्टरी तीनशे किलो कर्ब, म्हणजे चाल गोगलगायीची आहे. तीन वर्षांत जमीन सोन्याची करून देतो म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने बघावं. आणि त्या वावरात रासायनिक खत होतं. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून चाललेला ज्वारी-गव्हाचा प्रयोगही तेच सांगतो: नुसत्या नत्रावर जमीन खचते, शेणखताच्या जोडीने दिलेल्या संतुलित खतावर ती टिकते. २०२१ मध्ये श्रीलंकेने एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. घाईची किंमत तिथल्या भातशेतीने मोजली.

आणखी एक दावा वारंवार ऐकू येतो की कर्ब एक टक्का वाढला की एकरी लाखभर लिटर पाणी जास्त साठतं. २०१७ मध्ये मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या मोजण्या एकत्र केल्या. शंभर मिलिमीटर जाडीच्या थरात सरासरी एक मिलिमीटरहून किंचित जास्त, एवढीच वाढ निघाली. मातीचं आच्छादन आणि उताराला आडवा चर पाणी वाचवतात ते मुख्यतः वाहून जाण्यापासून. नार्नूरच्या उतारावर तेच जास्त महत्त्वाचं.

शेवटी प्रश्न येतो जमिनीच्या मालकीचा. फळ दहा वर्षांनी मिळणार असेल तर मेहनत कोण करेल? ज्याला वावर आपल्याकडे राहील याची खात्री आहे, तोच. ३० जून २०२३ ला आसिफाबादेतून पोडू जमिनीच्या, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या जंगलजमिनीच्या, पट्ट्यांचं वाटप सुरू झालं. राज्यभरात सुमारे दीड लाख आदिवासींना चार लाख एकरांच्या वर हक्क मिळाला. मातीसाठी हे कुठल्याही जीवामृतापेक्षा मोठं काम आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५९ चा आणि १९७० मध्ये कडक केलेला जमीन हस्तांतरण कायदा अनुसूचित क्षेत्रात बिगर आदिवासींच्या नावे जमीन होऊ देत नाही. आदिवासींच्या संरक्षणासाठी तो आवश्यक आहेच. पण त्यामुळे ठेक्याने कसणाऱ्यांचे व्यवहार तोंडी राहतात, आणि वर्षभराच्या बोलीवर कसणारा माणूस चर खोदत नाही, युरिया टाकतो.

केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली: २,४८१ कोटी रुपये, पंधरा हजार समूह, साडेसात लाख हेक्टर, एक कोटी शेतकरी. यातला पैसा नार्नूरसारख्या ठिकाणी येईल तेव्हा शिबिरं भरवण्याआधी आणि जीवामृताचे ड्रम वाटण्याआधी तीन कामं व्हावीत. गटागटाला पऱ्हाटीचं कुट्टीयंत्र भाड्याने मिळावं. ग्रामसभेत चराईचा नियम ठरावा. आणि ज्या वावरांतून २०२४ मध्ये नमुने घेतले, त्याच वावरांतून २०२७ मध्ये पुन्हा नमुने घेऊन सेंद्रिय कर्बाचा आकडा गावाच्या फळ्यावर जाहीर व्हावा. तालुक्याचा क्रमांक वाटलेल्या पत्रिकांवरून न ठरवता त्या दुसऱ्या मोजणीवरून ठरवला पाहिजे.