मायनस ट्वेंटीतली धम्माल

परीक्षेच्या आदल्या रात्री खिडकीतून ओरडायचं, थर्टीफर्स्टला घरी बसून सॅलड चापायचं आणि नवीन वर्ष चक्क दोनदा साजरं करायचं! रशियात शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या सेलिब्रेशनची आणि फजितीची ही गोष्ट...

ऑफिसच्या लंच टेबलवर सहज विचारून बघा. कुणाचा तरी धाकटा भाऊ, कुणाची मावसबहीण, कुणाच्या शेजारच्या काकूंचा मुलगा रशियात डॉक्टर होत असतो. कझान, त्व्येर, ओरेनबुर्ग, वोल्गोग्राद... शहरांची नावं आता आपल्यालाही पाठ झालीयत. मग एके दिवशी इन्स्टावर त्याचा फोटो येतो. गुडघाभर बर्फ, डोक्यावर केसाळ टोपी, मागे सोनेरी घुमट. आपण लाइक ठोकतो, 'मजा आहे बुवा लेकाची' म्हणतो आणि पुन्हा एक्सेल शीटमध्ये डोकं घालतो.

मजा आहेच. पण हिशेब करून बघा. तिथली मेडिकलची डिग्री सहा वर्षांची. म्हणजे जवळपास सहा दिवाळ्या, सहा थर्टीफर्स्ट आणि सहा वाढदिवस घराबाहेर. रशियन व्याकरण वर्गात शिकता येतं, पण रशियन माणसांत राहायचं कसं, याचा खरा क्लास भरतो सणावारांच्या दिवशी. आणि त्या क्लासची फी असते फजिती!

रेस्टॉरंट की 'पेक्टोपाह'?

सुरुवात अक्षरांपासूनच होते. रशियन लिपीतली काही अक्षरं दिसतात इंग्रजीसारखी, पण उच्चार भलताच. इंग्रजी 'पी' दिसतो तो 'र', 'सी' दिसतो तो 'स' आणि 'एच' दिसतो तो 'न'. त्यामुळे 'रेस्तोरान'ची पाटी नवखा माणूस 'पेक्टोपाह' अशी वाचतो आणि जेवण शोधत पुढे निघून जातो. 'मागाझिन' म्हणजे मासिक नाही, दुकान. फॉर्मवर 'फामिलिया' दिसलं की फॅमिलीची सगळी माहिती भरू नका, त्यांना फक्त तुमचं आडनाव हवंय!

एका बाबतीत मात्र मराठी मुलांना बोनस. रशियात प्राध्यापकांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणत नाहीत. स्वतःचं नाव आणि त्यामागे वडिलांचं नाव, अशी हाक मारायची. इव्हान पेत्रोविच, म्हणजे प्योत्रचा मुलगा इव्हान. नावामागे बाबांचं नाव लावायची सवय आपल्याला बालवाडीपासून. पण दोस्तांना म्हणायचं 'प्रिव्येत' चुकून त्यांच्या तोंडावर फेकलंत, तर वर्गात शांतता पसरलीच म्हणून समजा. प्राध्यापकांसाठी 'झ्द्राव्स्त्वुइत्ये'च हवं. जीभ वळेपर्यंत पहिलं सेमिस्टर संपतं, ते सोडा.

आणि जेवण? लहानपणी ताटात शेपूची भाजी दिसली की ज्यांनी नाक मुरडलं, त्यांच्यावर रशिया सूड उगवतो. 'उक्रोप' म्हणजे आपला शेपूच! सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, सॅलडवरही शेपू. आई फोनवर विचारते, 'भाज्या खातोस ना रे?' आता बोला!

खल्यावा, लवकर ये!

रशियात परीक्षांचे दोन मोठे हंगाम, जानेवारी आणि जून. बऱ्याच परीक्षा तोंडी. टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असतात. त्यांना म्हणायचं 'बिलेत'. एक उचलायची, थोडा वेळ तयारी करायची आणि प्राध्यापकांसमोर बसून धडाधड बोलायचं. नशिबाचा इतका थेट संबंध आल्यावर अंधश्रद्धा मागे कशा राहतील?

परीक्षेच्या आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत, नाहीतर अभ्यास वाहून जातो. पुस्तक उशाखाली घ्यायचं. बुटात टाचेखाली पाचाचं नाणं ठेवायचं, कारण पाच हे सगळ्यात वरचे मार्क. आणि रात्री बरोबर बारा वाजता खिडकी उघडून मार्कांची वही, म्हणजे 'झाचोत्का', बाहेर धरून हलवायची आणि बोंब ठोकायची, 'खल्यावा, प्रिदी!' खल्यावा म्हणजे फुकटात मिळालेलं घबाड. ते वहीत शिरलं की खिडकी फटकन बंद! आता अनेक विद्यापीठांत झाचोत्का ऑनलाइन झालीय. मग खिडकीबाहेर हलवायचं तरी काय, हा नवाच प्रश्न.

खरी गंमत पुढे आहे. परीक्षेला निघताना रशियन मित्र म्हणतो, 'नी पुखा, नी पेरा'. शब्दशः अर्थ 'ना पिसं, ना पंख'. हा शिकाऱ्यांचा जुना आशीर्वाद. उलटं बोललं की दृष्ट लागत नाही, असा हिशेब. आपला सुसंस्कृत मुलगा नम्रपणे थँक यू म्हणतो आणि सगळे कपाळाला हात लावतात. कारण आभार मानले की आशीर्वाद बाद! त्यावर 'क चोर्तू', म्हणजे 'जा सैतानाकडे', असंच म्हणायचं असतं. शुभेच्छा देणारा कुणीही असो.

निकालाची फजिती तर सातासमुद्रापार पोचते. 'आई, ॲनाटॉमीत चार मिळाले!' इकडे आईचा आवाज बंद. पाचापैकी चार म्हणजे तिकडे 'चांगला', दोन म्हणजे नापास, हे तिला समजावण्यात रिचार्ज संपतो.

परीक्षा आटोपत येतात तोच २५ जानेवारी उजाडतो. हा तात्यानाचा दिवस. १७५५ मध्ये महाराणी एलिझावेताने मॉस्को विद्यापीठ स्थापन करण्याच्या हुकुमावर याच संतदिनी सही केली, म्हणून तात्याना झाली विद्यार्थ्यांची देवी. २००५ पासून तो रशियन विद्यार्थ्यांचा अधिकृत दिवस आहे. मॉस्को विद्यापीठात तर खुद्द कुलगुरूंनी विद्यार्थ्यांना मधाचं पेय वाढायची परंपरा आहे. आपल्याकडे असं कुणी करेल का, विचार करून बघा!

थर्टीफर्स्ट, तोही दोनदा

रशियातला सगळ्यात मोठा सण ख्रिसमस नव्हे, नवीन वर्ष. सोव्हिएत काळात ख्रिसमसवर गदा आली आणि १९३५ मध्ये सजवलेलं झाड परत आलं ते नववर्षाचं झाड म्हणून. त्याचं नाव 'योल्का'. भेटवस्तू आणणारा आजोबा 'देद मरोज' आणि सोबत त्याची नात 'स्नेगूरोच्का'. ख्रिसमस येतो थेट ७ जानेवारीला.

थर्टीफर्स्टला पब शोधत फिरणारा मुलगा इथेच फसतो. कारण ही रात्र घरची, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनासारखी. टेबलावर ऑलिव्हिए सॅलड, बीटखाली दडवलेला हेरिंग मासा आणि संत्र्यांचा ढीग. टीव्हीवर 'आयरनी ऑफ फेट' हा १९७६ च्या १ जानेवारीला पहिल्यांदा दाखवलेला सिनेमा. त्यातला हिरो थर्टीफर्स्टला प्यायलेल्या अवस्थेत चुकून लेनिनग्राडच्या विमानात चढतो आणि तिथल्या हुबेहूब तशाच पत्त्याच्या, तशाच फ्लॅटमध्ये जाऊन झोपतो. जिथला सगळ्यात लाडका सिनेमाच फजितीचा, तिथे आपली काय कथा!

शाकाहारी मंडळींची फजिती वेगळी. 'मांस नाही ना?' असं विचारून खात्री केली, तरी ऑलिव्हिएत सॉसेजचे तुकडे निघू शकतात. अनेकांच्या लेखी सॉसेज म्हणजे मांस नव्हेच.

बाराचे टोले पडायला लागले की कागदावर इच्छा लिहायची, कागद जाळायचा, राख शॅम्पेनमध्ये टाकायची आणि शेवटच्या टोल्याआधी घटाघटा पिऊन टाकायची. पेन चालत नाही, काडी पेटत नाही, शेजारचा धक्का मारतो. इच्छा काय होती तेच विसरायला होतं.

आणि हे संपलं असं वाटतं तोच १३ जानेवारीच्या रात्री 'जुनं नवीन वर्ष' येतं! रशियाने १९१८ मध्ये कॅलेंडर बदललं, तारखा तेरा दिवसांनी सरकल्या, पण जुना दिवस सोडवेना. मग दोन्ही साजरे करायचे. दुसऱ्या दिवशी, १४ जानेवारीला, बहुतेक वेळा आपली संक्रांत असते. उरलेलं ऑलिव्हिए आणि पार्सलमधून आलेला तिळगूळ एकाच टेबलावर. असं कॉम्बिनेशन जगात कुठे मिळणार?

बारा गुलाब? अरे बापरे!

८ मार्चला महिला दिनाची सुट्टी असते. फुलांच्या दुकानांसमोर पुरुषांची झुंबड उडते. आपला हिरो मस्तपैकी डझनभर गुलाब घेऊन मैत्रिणीच्या दारात हजर. तिचा चेहरा पडतो. कारण रशियात सम संख्येची फुलं जातात फक्त अंत्ययात्रेला. अकरा चालतील, तेरा चालतील, बारा अजिबात नाही. दारात उभं राहूनच गुच्छ पुढे केलात तर चूक नंबर दोन. उंबरठ्यावरून देणंघेणं नाही, हात मिळवणंही नाही. हे ऐकल्यावर मात्र आपली आजी आणि रशियन आजी लांबच्या बहिणी असाव्यात, अशी शंका येते.

वाढदिवसाचा घोळ तर घड्याळाचा आहे. रशियात वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देणं अशुभ. पुण्यातले मित्र बरोबर रात्री बाराच्या ठोक्याला फोन करतात आणि मॉस्कोत तेव्हा वाजलेले असतात साडेनऊ. आदल्या दिवसाचे! रशियन रूममेट घाबरून फोन बंद करायला धावतो आणि इकडे पुण्यात सगळे जोरजोरात गात असतात.

साबण डोक्याला, गरम पाणी गायब

काही फजित्यांना सणाची गरजच नसते. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गरम पाणी काही दिवस बंद होतं, कधी कधी दोन आठवड्यांपर्यंत. नोटीस लागलेली असते, पण रशियनमध्ये. ती वाचायची राहून गेलेला माणूस डोक्याला शॅम्पू लावून उभा राहतो आणि नळातून येतं बर्फासारखं पाणी. सेंट पीटर्सबर्गमध्ये बोटींच्या मोसमात नेवा नदीवरचे पूल रात्री उघडतात. पार्टी एका काठावर, होस्टेल दुसऱ्या काठावर आणि मेट्रो बंद. मग पहाटेपर्यंत नदी बघत बसायचं. फोटो छान येतात म्हणा!

होस्टेलला म्हणतात 'अबशागा' आणि तिच्या दारात बसलेल्या करड्या नजरेच्या आजींना 'वाख्त्योर्शा'. बऱ्याच ठिकाणी रात्री अकराला दार बंद. मोहरीच्या फोडणीने फायर अलार्म वाजला, तर जाब त्यांनाच द्यायचा. पण तापाने फणफणलेल्या पोराला रास्पबेरीचा जॅम घातलेला चहा पाजणाऱ्याही अनेकदा त्याच!

दिवाळीला सुट्टी नसते. लेक्चर बुडवलं तर त्याची भरपाई करायला परत जावं लागतं, त्याला 'अत्राबोत्का' म्हणतात. होस्टेलमध्ये पणती लावता येत नाही, म्हणून खिडकीत बॅटरीची माळ. बाहेर पहिला बर्फ, आत पार्सलच्या चकलीचा चुरा. ऑगस्ट २०२५ पासून रशियाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉल्सवर बंधनं घातली. त्यामुळे ओवाळणीच्या वेळी आईचा चेहरा दिसणं, हीसुद्धा गृहीत धरायची गोष्ट राहिली नाही.

या दुःखाची उलटी बाजू आपल्या कोकणात आहे. पंधराव्या शतकात त्व्येरचा व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला. वाटेत त्याची पुस्तकं लुटली गेली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हेच त्याला कळेना, आणि ती खंत त्याने प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आज त्याच त्व्येरमध्ये भारतीय मुलं डॉक्टर होतायत आणि दिवाळी कधी ते मोबाइलवर बघतायत. परक्या देशात माणसाला सगळ्यात आधी आठवतो तो सण, हे तेव्हाही खरं होतं.

इथे मात्र हसू नका

सगळ्याच चुकांचा नंतर किस्सा होत नाही. जून २०२४ मध्ये वेलिकी नोव्हगोरोदला वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. उत्तरेतला उन्हाळा फसवा असतो. ऊन लखलखीत, दिवस लांबलचक, पण नदीचं पाणी गार आणि ओढ जबरदस्त. हिवाळ्यात हाच धोका गोठलेल्या नदीवर आणि पार्टीनंतर एकट्याने घरी परतण्यात असतो. मायनस ट्वेंटीत नशेत रस्त्याकडेला पाच मिनिटं टेकणं, ही फजिती नसते.

म्हणूनच या सहा वर्षांत बाकी काहीही जमलं नाही तरी चालेल, पण चार माणसं जोडता आली पाहिजेत. बारा गुलाबांतलं एक काढून टाकणारी मैत्रीण, 'क चोर्तू' शिकवणारा रूममेट, अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडणारी आजी. ही माणसं लेक्चर हॉलमध्ये सहसा भेटत नाहीत. ती भेटतात ऑलिव्हिएच्या टेबलावर, तुमची फजिती बघून हसताना. त्यामुळे पुढच्या वेळी तो बर्फातला फोटो दिसला, तर लाइकवर भागवू नका. फोन लावा. लागला नाही, तर पुन्हा लावा.

बॅग भरताय? मग हे वाचा!

• मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डची परदेशी कार्डं रशियात चालत नाहीत. सुरुवातीच्या खर्चाची सोय निघण्याआधीच करा. तिथे पोचल्यावर स्थानिक बँकेचं 'मीर' कार्ड घ्या.

• पोचल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या पत्त्याची नोंदणी लागते. विद्यापीठाच्या मागे लागा, कागद स्वतःजवळ ठेवा. मॉस्कोतल्या भारतीय दूतावासातही नाव नोंदवा.

• भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा कोर्स आणि तिथली १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. ॲडमिशनआधी दोन्ही तपासा.

• न कळणाऱ्या रशियन कागदावर सही नाही. सैन्याशी संबंधित कुठल्याही 'जॉब'पासून चार हात लांब राहा. भारत सरकारने याबाबत वारंवार इशारे दिलेत.

• इमर्जन्सी नंबर ११२. पाठ करा.

• ओले केस घेऊन हिवाळ्यात बाहेर पडू नका. छपरांच्या कडेखालून चालू नका, वरून बर्फाचे सुळके पडतात.

• आणि निघताना, बॅगा दारात ठेवून, घरातल्या सगळ्यांसोबत मिनिटभर शांत बसा. प्रवासाआधी असं बसायची रशियन पद्धत आहे. पासपोर्ट कपाटातच राहिलाय, हे बहुतेक वेळा तेव्हाच आठवतं!