पाण्याची यंत्रे, लेखांक सातवा : नावेच्या तळातला स्वयंचलित पंप

मागील लेखांकात विहिरीवरच्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरचा विचार केला, आणि मुळेच्या कालव्याखाली ऊस पिकविणाऱ्या सोनईत तो विषय कोणास परका वाटला नसेल. परंतु आजचे शीर्षक वाचून, पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला नावेशी काय कर्तव्य, असे काही वाचक विचारतील. त्यांना इतकेच निवेदन करावयाचे की, १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि नाथसागराचे पाणी मागे पसरत आपल्या नेवासे तालुक्याच्या सरहद्दीत शिरले, तेव्हापासून जमिनींबरोबर माणसांचे धंदेही बदलले, आणि प्रवरासंगमाच्या बाजूस होडी हे चैनीचे नव्हे तर पोटाचे साधन झाले. शिवाय विहिरीचा पंप जाणणाऱ्याला नावेचा पंप अर्धा आधीच समजलेला असतो. उरलेल्या अर्ध्यात मात्र विहिरीवरची सवयच त्याला चकविते, आणि प्रस्तुत लेखाचा सारा रोख त्या अर्ध्यावर आहे.

नावेच्या तळात पाणी साचण्यास भोक पडावेच लागते असे नाही. पाऊस, लाटेचे शिंतोडे, ओली जाळी आणि पंख्याच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून झिरपणारे थेंब एवढे पुरते. पूर्वी हे पाणी डब्याने उपसत. आता मुठीएवढा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप तळाच्या सर्वांत सखल जागी बसवितात. त्याच्याशेजारी एक तरंगता स्विच असतो: पाणी चढले की तो उचलला जाऊन प्रवाह जोडतो, पाणी उतरले की तोडतो. माणूस घरी निजला असता काठाशी बांधलेल्या नावेत हे काम चालावयाचे असल्यामुळे या स्विचची तार मुख्य बटनाला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजमधून, थेट बॅटरीकडे नेलेली असते. शेतावरून परतताना मेन स्विच पाडण्याच्या शिरस्त्याने जो नावेची बॅटरीही सोडवून ठेवतो, तो काटकसरीपायी या पंपाचे अर्धे प्रयोजनच रद्द करतो.

पंप चालत नाही अशी तक्रार आली की पहिली खातरजमा हातस्विचची करावी. हाताने चालू केल्यास पंप फिरतो आणि ऑटोवर ठेवल्यास फिरत नाही, तर मोटार निर्दोष असून दोष तरंगत्या स्विचकडे किंवा त्याच्या तारेकडे आहे, हे तेथेच सिद्ध झाले. तो स्विच बोटाने उचलून पाहावा. पुष्कळदा गाळ, तेलाचा चिकटा किंवा जाळ्याचा तुकडा त्याच्या बिजागरीत अडकलेला सापडतो. दोन्हीकडून पंप मुका असेल तर फ्यूज पाहावा. तो जळालेला असल्यास अधिक जाड तार घालून काम रेटण्याचा मोह, जो आपल्याकडे विहिरीवरही सर्रास होतो, येथे निग्रहाने टाळावा; कारण पात्याभोवती गुंडाळलेल्या नायलॉनच्या धाग्याने मोटार जखडली की ती जास्त प्रवाह ओढते, आणि फ्यूजने त्याचीच वर्दी दिलेली असते.

फ्यूज शाबूत असेल तर संशय तारेच्या सांध्यावर घ्यावा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच खर्चावा. तळाच्या दमटपणात नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा आतून हिरवा पडतो. विहिरीच्या चारशे व्होल्टांच्या लाइनीत एखादा व्होल्ट वाटेत हरवला तर कोणास पत्ताही लागत नाही, परंतु बारांतले दोन हरवले की षष्ठांश शक्ती गेली. त्यातही मीटर फसवितो: पंप बंद असताना सडक्या सांध्यापलीकडेही तो पुरे बारा व्होल्ट दाखवितो, म्हणून माप पंप चालू करूनच, आणि तेही पंपाच्या तोंडाशी, घ्यावे.

मोटार गुणगुणते पण पाणी फेकत नाही, या तक्रारीचे एक कारण वाचकांस ठाऊक आहेच: थ्री-फेजच्या दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते, तसेच येथे धन-ऋण तारा उलट लागल्या की होते. दुसरे कारण हवेचे. पंपापासून काठापर्यंत नळी सतत चढती हवी. मध्ये ती झोल खाऊन लोंबली तर त्या झोलात पाणी उरते, त्यामागे हवा कोंडते, आणि या जातीच्या पंपाला ती ढकलता येत नाही.

पंप बंद होताच नळीतले पाणी तळात परत उतरते, स्विच पुन्हा उचलला जातो, आणि दर मिनिटाला पंप सुरू-बंद होत राहतो. विहिरीवर फुटव्हॉल्व्हशिवाय पान हलत नाही, म्हणून शेतकऱ्याला नळीत झडप बसविण्याची तजवीज तत्काळ सुचते. ती करू नये. झडपेवर उभ्या राहिलेल्या पाण्याखाली पंपातली हवा अडकते, आणि चकतीत गाळ बसला तर नेमक्या गरजेच्या वेळी वाटच बंद होते. त्यापेक्षा नळी आखूड व आतून गुळगुळीत घ्यावी. तिचे बाहेरचे तोंड मात्र, भरल्या नावेतही, पाण्याच्या पातळीच्या बरेच वर असावे. ते बुडाले तर वक्रनलिकेच्या न्यायाने जलाशयच नावेत उतरू लागतो.

पंपावर छापलेल्या क्षमतेविषयी मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. ताशी ५०० गॅलन, म्हणजे अमेरिकी मापाने सुमारे १,९०० लिटर, हा आकडा बहुधा पाणी वर चढवावे न लागता मोजलेला असतो. प्रत्यक्षात उंची, नळीची वळणे आणि उतरलेली बॅटरी यांनी तो बराच घटतो. उलट, पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे एक भोक पडले तर त्यातून ताशी सुमारे अडीच हजार लिटर पाणी आत येते. असा पंप त्या भोकाशी झुंजू शकत नाही. काठ गाठण्यापुरती सवड मिळवून देतो, इतकेच. मळ्यात मोटार चालू असल्याचा आवाज ऐकून शेतकरी निश्चिंत होतो. नावेत तोच आवाज वरचेवर येऊ लागला तर पाणी कोठून येते याचा तपास त्याच दिवशी करावा. तो तपास बहुतेक वेळा दांड्याभोवतीच्या पॅकिंगपाशी जाऊन थांबतो, आणि ते कसे बदलावे हा पुढील लेखांकाचा विषय आहे.