कायदा दिल्लीचा, हात रायपूरचा

परकीय कोण, हे ठरवण्याचा अधिकार दिल्लीचा आणि त्याच्या दारावर थाप मारण्याचे काम राज्याच्या शिपायाचे, अशी आपल्या संघराज्याची जुनी वाटणी आहे. कागदावर ती स्वच्छ दिसते. पोलीस ठाण्यात उतरल्यावर तशी राहत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने बांगलादेश व म्यानमारमधून बेकायदा आलेल्या संशयितांची पडताळणी ३० दिवसांत पूर्ण करण्याची सूचना सर्व राज्यांना दिली. छत्तीसगड सरकारने त्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कृती दले नेमली आणि संशयितांची माहिती कळवण्यासाठी लोकांना टोल फ्री क्रमांकही दिला. ज्या राज्याची सीमा एकाही परदेशाला भिडत नाही, त्या राज्यातील पोलिसांवर सीमेचे काम येऊन पडले.

यातून जो वाद उभा राहिला, तो बहुतेक वेळा पक्षीय चौकटीत मांडला जातो. केंद्रातील सत्ताधारी म्हणतात, राज्ये सहकार्य करीत नाहीत. विरोधी पक्षांची राज्ये म्हणतात, केंद्र आपल्या अपयशाचे ओझे आमच्या पोलिसांवर टाकते. २७ मार्च २०२५ रोजी लोकसभेत आप्रवास व विदेशी नागरिक विधेयकावर बोलताना गृहमंत्री अमित शहा यांनी, पश्चिम बंगाल सरकार जमीन देत नसल्याने ४५० किलोमीटर सीमेवर कुंपण रखडल्याचा आरोप केला, तो याच चौकटीतला. परंतु अंमलबजावणी केंद्राने करावी की राज्याने, या प्रश्नाच्या आड एक अधिक निकडीचा प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यावर संशय आहे, तो ‘मी अमुक राज्याचा’ असे म्हणतो, तेव्हा त्या राज्याला कोण विचारते आणि त्याच्या उत्तराला किती किंमत आहे?

घटनेने केलेली वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नागरिकत्व व परकीय व्यक्ती हा विषय संघसूचीच्या १७ व्या नोंदीत आहे. भारतात प्रवेश, भारतातून हकालपट्टी, पासपोर्ट व व्हिसा हे विषय १९ व्या नोंदीत. म्हणजे कायदा करण्याचा अधिकार निर्विवादपणे संसदेचा. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या राज्यसूचीच्या पहिल्या दोन नोंदी आहेत. विमानतळ आणि बंदरांवर केंद्राचा इमिग्रेशन ब्युरो बसतो; पण देशाच्या अंतर्भागात केंद्राला स्वतःचे हातपाय नाहीत. बहुतेक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक हेच विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात.

ही पोकळी भरण्यासाठी अनुच्छेद २५८ चा आधार घेतला गेला. या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती राज्य सरकारच्या संमतीने केंद्राचे कार्य राज्याकडे सोपवू शकतात. १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने विदेशी नागरिक कायदा, १९४६ मधील हद्दपारीचे अधिकार अशा रीतीने राज्यांकडे आले. त्या वेळी छत्तीसगड मध्य प्रदेशात होते. नोव्हेंबर २००० मध्ये नवे राज्य जन्मले, तेव्हा ही व्यवस्था त्याला वारशाने मिळाली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याची जागा आप्रवास व विदेशी नागरिक कायदा, २०२५ ने घेतली आणि इमिग्रेशन ब्युरोला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तरी जिल्ह्यात काम करणारा हात बदललेला नाही.

याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सोपवलेल्या कामामुळे राज्याच्या प्रशासनावर जो जादा खर्च पडतो, तो केंद्राने द्यावा, आणि रकमेवर एकमत न झाल्यास सरन्यायाधीशांनी नेमलेल्या लवादाने ती ठरवावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. घटनाकारांना हे ठाऊक होते, की काम एकाचे आणि भार दुसऱ्याचा अशी रचना फार काळ सुखाने चालत नाही.

कोंडागाव आणि उलुबेरिया

जुलै २०२५ मध्ये कोंडागाव जिल्ह्यात शाळेच्या इमारतीच्या बांधकामावर काम करणाऱ्या, पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातून आलेल्या मजुरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. त्यांना वैध कागदपत्रे दाखवता आली नाहीत, असे पोलिसांचे म्हणणे होते; आम्ही भारतीय आहोत, असे मजुरांचे. प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयात गेले. अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी बाब अशी, की कारवाई विदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली झाली नव्हती. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२८ खाली, म्हणजे संशयास्पद व्यक्तीकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याच्या तरतुदीखाली होती. सुव्यवस्थेसाठी दिलेले राज्याचे हत्यार केंद्राच्या कामासाठी वापरले, की केंद्राच्या कायद्यातील प्रक्रियाही लागू होत नाही आणि राज्याच्या कायद्याचा हेतूही बाजूला पडतो.

महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या काही जणांना रेल्वेने पूर्वेकडे नेले. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकात तेथील सत्ताधारी डाव्या आघाडीच्या एका आमदाराच्या पुढाकाराने जमलेल्या जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. हे बंगाली बोलणारे भारतीय आहेत, असे बंगालचे म्हणणे होते. रायपुरातून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरच हे स्थानक आहे. एका राज्याचा हद्दपारीचा हुकूम दुसऱ्या राज्याच्या फलाटावर अडला. त्या माणसांपैकी कोण भारतीय आणि कोण परकीय, याचा निर्णय ना मुंबईच्या ठाण्यात नीट झाला, ना उलुबेरियाच्या जमावात. दोन्ही राज्यांनी आपापल्या मतदारांना हवे ते उत्तर दिले.

सत्तावीस वर्षांनंतर चित्र फार बदललेले दिसत नाही. मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना जून २०२५ मध्ये सीमेपार पाठवले गेले आणि त्यांच्या राज्याने कागदपत्रे पुढे केल्यावर परत आणावे लागले.

मग हे काम पूर्णपणे केंद्राने आपल्या हाती घ्यावे काय? तसे केल्याने दोष टळतो, असे दिल्लीचा अनुभव सांगत नाही. दिल्ली पोलीस थेट केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. त्यांनी जून २०२५ मध्ये पकडलेल्या बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती महिलेला कुटुंबीयांसह काही दिवसांतच बांगलादेशात पाठवण्यात आले. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती हद्दपारी रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती महिला मुलासह परतली. गृहमंत्रालयाने स्वतः ठरवलेली ३० दिवसांच्या चौकशीची पद्धत गृहमंत्रालयाच्याच पोलिसांनी पाळली नव्हती. तेव्हा गणवेश राज्याचा की केंद्राचा, हा भेद निर्णायक नाही.

मौनाचा अर्थ

कळीचा मुद्दा त्या ३० दिवसांत आहे. संशयिताने आपण अन्य राज्याचे रहिवासी असल्याचे सांगितले, तर त्या राज्याकडे तपशील पाठवून खातरजमा करावी, असे मे २०२५ ची सूचना सांगते. हे योग्यच आहे. पण मुदतीत अहवाल आला नाही, तर हद्दपारीची कारवाई पुढे सरकते. म्हणजे एखाद्या तहसील कार्यालयाच्या दिरंगाईची किंमत नागरिकत्वाने मोजावी लागू शकते. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने आधीच व्यक्तीवर टाकला आहे. १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात तो होता आणि नव्या कायद्यातही आहे. मात्र जुलै २०२४ मध्ये आसाममधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा भार टाकण्यापूर्वी प्रशासनाच्या हाती संशयाला काही ठोस आधार असला पाहिजे. नुसता आरोप पुरेसा नाही. त्या प्रकरणातील माणूस भारतीय ठरला, परंतु निकाल ऐकायला तो हयात नव्हता.

येथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे केंद्राचे स्वतःचे आप्रवास अधिकारी आहेत, आणि केंद्राच्या कायद्याची अंमलबजावणी करण्यास राज्यांच्या अधिकाऱ्यांना भाग पाडता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. उलट ॲरिझोना राज्याने स्वतःहून पुढे सरसावून कडक कायदा केला, तेव्हा २०१२ मध्ये त्यातील चारपैकी तीन वादग्रस्त तरतुदी त्याच न्यायालयाने रद्द केल्या. तेथील भांडण केंद्र आणि राज्य असे दोघांचे आहे. आपल्याकडे त्यात तिसरा पक्ष आहे: ज्या राज्यातून माणूस आला ते राज्य. आणि आपल्या कायद्यात सर्वांत दुबळा आवाज त्याचाच आहे.

रायपूरला हे का कळावे

रायपूरइतका या प्रश्नाचा दीर्घ अनुभव सीमेपासून दूरच्या फार थोड्या शहरांना असेल. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला आणि १९६४ मध्ये रायपूरजवळ माना येथे संक्रमण छावणी उघडली. तेथून कुटुंबे पखांजूर, कोरापूट, मलकानगिरीकडे गेली; सीमेपलीकडच्या आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही बंगाली वस्त्या उभ्या राहिल्या. कांकेर जिल्ह्यातील बंगाली बोलणारा शेतकरी तेथे पोहोचला, तो भारत सरकारच्या हुकुमाने. त्यामुळे या राज्यात तरी भाषा हा संशयाचा आधार होऊ शकत नाही.

नागरिकत्व देण्याच्या बाजूलाही रायपूरचा अनुभव बोलका आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत रायपूर होते आणि नागपूरही. मे २०२१ मध्ये दुर्ग व बलौदाबाजार यांची भर पडली. पुढे मार्च २०२४ मध्ये सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम आले, तेव्हा या कायद्याखालील अर्जांची तपासणी टपाल अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे आणि निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समितीकडे गेला. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि स्टेशनमास्तर हे जिल्हा समितीत केवळ निमंत्रित. छत्तीसगडच्या तत्कालीन मंत्रिमंडळाने जानेवारी २०२० मध्ये हा कायदा मागे घेण्याची मागणी केली होती. अशा राज्यांना वळसा घालण्याचा हेतू उघड होता. पण मग विसंगती अशी, की नागरिकत्व देताना ज्या महसूल यंत्रणेवर केंद्राचा भरवसा नाही, त्याच राज्याच्या पोलीस यंत्रणेवर परकीय हुडकण्याची भिस्त आहे.

याची दुसरी बाजू अधिक जिव्हाळ्याची आहे. छत्तीसगड हे परप्रांतीयांना घेणारे राज्य आहे, तसेच आपली माणसे बाहेर पाठवणारेही. महासमुंद, जांजगीर, बलौदाबाजारचे मजूर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर देशभर जातात. डिसेंबर २०२५ मध्ये केरळातील पालक्काड जिल्ह्यात वाळयारजवळ सक्ती जिल्ह्यातून गेलेल्या एका मजुराला जमावाने मारहाण करून ठार केले. मारताना, तू बांगलादेशी आहेस काय, असे त्याला विचारले जात होते. ते काम पोलिसांचे नव्हते. पण संशयाची हवा एकदा पसरली, की तिला ना राज्याची हद्द राहते, ना कायद्याची.

रायपुरातील मराठी माणसालाही हा प्रश्न परका नाही. तात्यापाऱ्यातील घराण्यांची मुळे भोसल्यांच्या काळापर्यंत जातात, आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. आजोबांचा शाळेचा दाखला विदर्भात, वडिलांची नोकरी भिलाईत, मुलाचे मतदार ओळखपत्र रायपूरचे आणि आडनावाचे स्पेलिंग तिन्ही ठिकाणी वेगळे, अशी कुटुंबे येथे थोडी नाहीत. त्यांच्यावर संशय येत नाही, कारण भाषा, नाव आणि ओळखी त्यांच्या बाजूने आहेत. नदियाच्या गवंड्याकडे यांतले काही नसते. कागदपत्रांचा घोळ मात्र दोघांचा सारखाच असतो.

तेव्हा उत्तर केंद्र की राज्य, असे एका शब्दात नाही. शोध राज्याच्या पोलिसांनी घ्यावा. दुसरा पर्याय व्यवहारात नाही. परकीय ठरवण्याचा लेखी, कारणे दिलेला निर्णय केंद्राच्या जबाबदार अधिकाऱ्याचा असावा, म्हणजे न्यायालयात उत्तर कोणी द्यायचे, हे स्पष्ट राहील. आणि मूळ राज्याचे उत्तर आल्याशिवाय कोणालाही सीमेपार पाठवू नये. मुदत टळली तर जाब त्या कार्यालयाला विचारावा, संशयिताला नव्हे. राज्यांनीही केवळ तक्रार न करता अनुच्छेद २५८ मधील खर्चाचा हक्क मागावा आणि त्यातून पडताळणीसाठी स्वतंत्र मनुष्यबळ उभारावे.

यातील पहिली दोन कामे दिल्लीत व्हायची आहेत. तिसरे आज रायपुरात, सक्तीत, महासमुंदमध्येही होऊ शकते. परराज्यातील ठाण्यातून पडताळणीचे पत्र येते, तेव्हा ते आवक नोंदवहीत चढवून बाजूला ठेवण्याचे नसते. न्यायालयाच्या समन्सइतक्याच तातडीने गावात जाऊन, कोटवाराला व सरपंचाला विचारून, त्याच आठवड्यात उत्तर धाडले पाहिजे. त्या उत्तराची वाट पाहत कोठेतरी छत्तीसगडचा एखादा मजूर बसलेला असतो, आणि त्याच्या बाजूने बोलू शकणारे सरकार एकच असते, ते येथले.