कयाक घेण्याआधी गाडी मोजा, तिथी पाहा

सुटीच्या दिवशी खाडीच्या पुलावर, जेटीवर किंवा किनाऱ्यावरील खडकांवर गळ टाकून तासन्‌तास बसणारी मंडळी पालघर, बोईसर आणि तारापूरच्या परिसरात नेहमीच दिसतात. या छंदाची पुढची पायरी म्हणजे स्वतःची छोटी होडी. मोठ्या नौकेचा खर्च, नांगरण्याची जागा आणि खलाशी हे सारे शहरी छांदिष्टाच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे एका माणसाला वल्हवता येणारी आणि पिकअपमध्ये घालून घरी आणता येणारी 'कयाक' अनेकांना खुणावते. मात्र दुकानात देखणी वाटणारी कयाक या किनाऱ्यावर उपयोगी ठरेलच, असे नाही. ती कोणत्या गाडीतून जाणार, कोणत्या किनाऱ्यावर उतरणार आणि कोणत्या वेळी पाण्यात जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वीच मिळवावी लागतात.

कयाक हा शब्द आला उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांकडून. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली ती शिकारीची होडी होती. मासेमारीसाठी आज विकली जाणारी प्लास्टिकची कयाक मात्र आपल्या पूर्व किनाऱ्यावरील कट्टुमरमला अधिक जवळची आहे. ओंडके एकत्र बांधून केलेल्या त्या तराफ्यावर लाट आली की पाणी फटींतून निघून जाते. मासेमारीच्या कयाकमध्येही माणूस आत नव्हे, तर वर बसतो आणि तळाला आरपार असलेल्या छिद्रांतून पाणी निथळते. कयाक उलटली तरी ती पाण्याने भरून बुडत नाही आणि माणसाला पुन्हा वर चढता येते. समुद्रात किंवा खाडीत जायचे असेल, तर याच प्रकाराची निवड करावी.

लांबी, रुंदी आणि वजन

मासेमारीच्या कयाक साधारणपणे १० ते १३ फूट लांब आणि ३० ते ३६ इंच रुंद असतात. जितकी रुंदी अधिक, तितकी ती कमी डोलते. मासा गळाला लागल्यावर होणारी ओढाताण लक्षात घेता नवशिक्याला रुंद कयाक सोयीची वाटते. लांबी अधिक असेल तर ती पाणी चांगले कापते आणि परतीच्या प्रवासात वाऱ्याविरुद्ध वल्हवताना दम कमी लागतो. शांत तलावासाठी १० फुटांची पुरते. खाडीसाठी १२ फुटांच्या आसपासची कयाक हा मध्यम मार्ग ठरतो.

वजन पेलण्याच्या क्षमतेचा जो आकडा कंपनी देते, तो कमाल मर्यादेचा असतो. माणूस, गळ, पाणी, बर्फाची पेटी आणि धरलेले मासे मिळून त्या आकड्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा. त्यापुढे कयाक पाण्यात खोल बसते आणि छिद्रांतून पाणी उलट वर येऊ लागते.

पॉलिथिलिनची कयाक खडकावर घासली तरी सहसा फुटत नाही. पण तिचे वजन २५ ते ४५ किलोपर्यंत जाते. फायबरची हलकी असते, परंतु दगडावर आदळल्यास तडकते. हवा भरण्याची कयाक कोणत्याही मोटारीच्या डिकीत मावते. मात्र कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेले खडक आणि स्वतःचाच गळ हे तिचे शत्रू आहेत. पायाने चालवण्याच्या कयाकमध्ये हात गळासाठी मोकळे राहतात. परंतु तिची पाती तळाखाली लोंबत असल्याने उथळ चिखलात रुततात आणि जाळ्यांत अडकतात. पालघरच्या खाड्यांत साधे वल्हेच अधिक भरवशाचे. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा असावा. निळी-हिरवी कयाक छायाचित्रात शोभते, पण लाटांमध्ये ती ना मच्छीमारांच्या नौकेला दिसत, ना शोध घेणाऱ्याला.

पिकअपचे गणित

पिकअप म्हटले की कोणतीही कयाक मावेल, असा समज होतो. प्रत्यक्षात दोन आसनरांगांच्या पिकअपचा हौदा जेमतेम पाच फूट लांब असतो. मालवाहू पिकअपचा हौदा आठ ते दहा फुटांचा असतो, तर 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेम्पोचा सुमारे सात फुटांचा. म्हणजे १२ फुटांची कयाक यांपैकी कशातही सपाट ठेवली, तर तिचा काही भाग मागे बाहेर येणारच. फाळका उघडा ठेवून, टोकाला लाल फडके बांधून निघण्याची पद्धत सर्रास दिसते. पण ती कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अनुज्ञेय मर्यादेबाहेर माल पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलेला असल्यास २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च भरावा लागतो. दंडाहून मोठा धोका मागून येणाऱ्याला असतो. चिल्हार फाटा ते बोईसर रस्त्यावर औद्योगिक वसाहतीची अवजड वाहने सतत धावतात. पहाटेच्या अंधारात बाहेर आलेले टोक दुचाकीस्वाराला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

उपाय सोपा आहे. पिकअपची एकूण लांबी १६ ते १७ फूट असते. केबिनच्या मागे आणि हौद्याच्या शेवटी भक्कम लोखंडी चौकटी बसवून कयाक केबिनच्या वरून आडवी नेली, तर १२ फुटांची कयाक गाडीच्या लांबीतच सामावते. चौकट कायमची बसवायची असल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

कयाक पालथी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही आणि तळाला खळगे पडत नाहीत. दोन्ही आधारांवर जुन्या नळीचे किंवा फोमचे आवरण घालावे. दोन रुंद पट्ट्यांनी ती चौकटीला बांधावी आणि पुढचे व मागचे टोक स्वतंत्र दोरीने गाडीला बांधावे. ही टोकांची दोरीच अचानक ब्रेक लागल्यावर कयाक पुढे सरकू देत नाही. प्लास्टिकची मूठ निखळू शकते, म्हणून केवळ तिच्यात दोरी अडकवून विसंबू नये. नायलॉनची दोरी ताणली जाऊन सैल पडते; त्यामुळे निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सर्व गाठी पुन्हा तपासाव्यात. उलट, उन्हात मऊ झालेले प्लास्टिक पट्टा फार आवळल्यास वाकडे होते. कयाक हलू नये, पण दबूही नये, इतकाच ताण योग्य.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पिकअप पुळणीवर उतरवण्याचा मोह टाळावा. वरून कोरडी दिसणारी वाळू खाली ओली असते आणि रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून कयाक चाकांच्या ढकलगाडीवरून न्यावी. ही चाके रुंद, फुग्यासारखी हवीत. अरुंद चाके गाळात जातात. एकट्याला ४० किलोंचे धूड चिखलातून ओढता येते का, याचा विचार दुकानातच केलेला बरा.

तिथी सांगते वेळ

खंबायतच्या आखाताकडे जावे तसा भरती-ओहोटीतील फरक वाढत जातो. पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत तो चार-पाच मीटरपर्यंत जातो. किनारा उथळ असल्याने ओहोटीला पाणी दूरवर हटते आणि मध्ये गुडघाभर गाळाचा पट्टा उघडा पडतो. सकाळी ज्या ठिकाणाहून आरामात पाण्यात उतरलो, तेथे दुपारी परतता येईलच असे नाही.

यासाठी कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. उत्तरेकडे भरती थोडी उशिरा येते. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे, पण दिवस निवडायला हा ठोकताळा पुरेसा आहे.

त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पडणाऱ्या रविवारी पहाटे नेमकी पूर्ण ओहोटी असते आणि दिवसभर पाण्याला ओढही सर्वाधिक. दशमी-एकादशीला मात्र भरती साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते. उजाडल्यावर चढत्या पाण्यात उतरायचे आणि पाणी भरलेले असतानाच परतायचे, हे त्या दिवशी साधते. अष्टमीच्या आसपास 'भांग' असते. तेव्हा पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी असते आणि नवशिक्याला ती सोयीची ठरते.

भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मे पाणी हलते. सामान्य माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वेगाने वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या मुखाशी पाण्याची ओढ त्याच्या बरोबरीस येऊ शकते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ओहोटी आणि हे वारे एकत्र आले, की हलकी कयाक नकळत खोल समुद्राकडे सरकते. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसत असल्याने हा धोका लक्षात येत नाही.

हा समुद्र कोणाचा

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी ही गावे समुद्रावर जगतात. २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटसाठी सातपाटीचे नाव सर्वदूर आहे. येथील मच्छीमार डोल जाळ्यांसाठी समुद्रात खुंट रोवतात. त्यांना 'कव' म्हणतात. ओहोटीच्या पट्ट्यातही जाळी लावलेली असतात. त्यांना कयाक बांधणे, जाळ्यावर गळ टाकणे किंवा अडकलेला गळ सोडवण्यासाठी जाळे कापणे म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या मिळकतीवर सुरी चालवणे होय. उतरण्यापूर्वी गावातील मच्छीमार सहकारी संस्थेत विचारावे. जाळी कोठे आहेत, गाळ कोठे खोल आहे आणि खडक कोठे बुडालेला आहे, हे तेथे जितके कळते तितके कोणत्याही नकाशावर कळत नाही.

तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र आहे. त्याच्या आसपासच्या समुद्रात कयाक नेऊच नये. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी समुद्रमार्गेच आले होते. तेव्हापासून अनोळखी छोट्या होडीकडे संशयाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. सोबत ओळखपत्र असावे आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आधी कळवावे. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातील नौकेच्या व्याख्येत यंत्र नसलेली होडीही येते. त्यामुळे परवान्याबाबत पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणा करावी. १ जूनपासून सुरू होणारी पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. बिगरयांत्रिक होड्यांना तीतून सूट आहे. परंतु खवळलेल्या समुद्रात ही सूट वापरण्याचे धाडस करू नये. धरणाच्या जलाशयातही मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतात. परवानगीशिवाय तेथे उतरता येत नाही.

मासे खाण्यासाठी धरायचे असतील, तर जागाही पारखावी. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मुरबे-नवापूरच्या खाडीतील मासेमारीची हानी होत असल्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली होती, हे विसरू नये.

अंगात घातलेले जीवरक्षक जॅकेट, गळ्यात शिटी, जलरोधक पिशवीत मोबाइल, कयाकला दोरीने बांधलेले वल्हे आणि दोरी कापण्यासाठी सुरी एवढे सामान नसेल, तर पाण्यात उतरू नये. जॅकेट कयाकवर ठेवून उपयोग नाही. उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात आधी करावा. कोठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघावे. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक उपयोगी पडतात.

कयाकची किंमत एकदाच मोजावी लागते. गाडीवर चढवणे, गाळातून ओढणे आणि वाऱ्याविरुद्ध वल्हवणे मात्र दर खेपेला करावे लागते. म्हणून दोन माणसांना सहज उचलता येईल, गाडीच्या लांबीत मावेल आणि दमलेल्या हातांनी परत आणता येईल, अशीच कयाक घ्यावी. मासा मिळाला नाही तर पुढची एकादशी आहेच.