मिश्र लॅटेक्सचे फोम रबर

दोन प्रकारचा चीक
रबराच्या झाडाला तिरकी खाच दिली की पांढरा चीक, म्हणजे नैसर्गिक लॅटेक्स, झिरपतो. त्यात रबर साधारण ३० ते ४० टक्के, बाकी बहुतेक पाणी. अमोनिया घालून तो टिकवतात आणि केंद्रापसारक यंत्रात फिरवून रबराचे प्रमाण ६० टक्क्यांवर नेतात. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या उतारांवर ही झाडे लावलेली आहेत. दुसरे, कृत्रिम लॅटेक्स स्टायरीन आणि ब्युटाडाईनपासून कारखान्यात बनते. या कुळातले लॅटेक्स तळोजा औद्योगिक वसाहतीत अ‍ॅपकोटेक्स ही कंपनी तयार करते.

फेसाचे रबर होताना
१९२९च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या इंग्लंडमधील प्रयोगशाळेत विकसित झालेली पद्धत आजही प्रचलित आहे. लॅटेक्समध्ये साबण, गंधक, झिंक ऑक्साइड आणि वेगवर्धके मिसळून ते घुसळतात. शेवटी सोडियम सिलिकोफ्लोराइड घालतात. त्याच्या विघटनाने मिश्रणाची अल्कता हळूहळू उतरते, साबणाचे संरक्षण सुटते आणि रबराचे कण एकमेकांना चिकटून फेस साच्यातच गोठतो. मग वाफेच्या उष्णतेत गंधकाचे बंध तयार होतात. बुडबुड्यांच्या भिंती फुटून पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात. गादीतून हवा खेळते ती यामुळेच.

मिश्रण का?
नैसर्गिक आणि कृत्रिम लॅटेक्सचे मिश्रण म्हणजे दोन रबरांच्या गुणांची नुसती सरासरी नव्हे. गोठलेला ओला फेस साच्यातून काढताना फाटू नये, ही ताकद मुख्यतः नैसर्गिक रबराची. ताणल्यावर त्याच्या रेणुसाखळ्या स्फटिकासारख्या रचल्या जातात, म्हणून ते चिवट राहते. दाब काढताच ते चटकन उसळतेही. कृत्रिम रबरात ही रचना होत नाही. त्याचा फोम तुलनेने कमी उसळतो आणि लवकर फाटतो. परंतु झाडाचा चीक ऋतू आणि जमीन यांप्रमाणे बदलतो, तर कारखान्यातील लॅटेक्सचा दर्जा एकसारखा ठेवता येतो. जुने होतानाही दोघांच्या वाटा वेगळ्या: प्राणवायूमुळे नैसर्गिक रबराच्या साखळ्या तुटून ते मऊ, चिकट होते, कृत्रिम रबरात नवे बंध वाढून ते कडक आणि ठिसूळ होते. म्हणून नुसते ‘लॅटेक्सची गादी’ म्हणणे अपुरे. दोघांचे प्रमाण सांगितले तरच गादीच्या गुणांचा अंदाज येतो.

उपयोग
गाद्या, उशा, पूर्वी वाहनांची आसनेही. नारळाच्या काथ्यावर लॅटेक्स फवारून केलेली गादी फोमच्या गादीच्या जवळची, पण फोम नव्हे. तिथे रबर केवळ तंतू बांधून ठेवते.

मर्यादा
उरण-पनवेल पट्ट्यातील पावसाळी हवेत उघड्या पोकळ्यांत ओल शिरते आणि ती सहज सुटत नाही. उन्हात वाळवणे हा उपाय नव्हे, कारण अतिनील किरण आणि ओझोन दोन्ही रबरांच्या द्विबंधांवर घाला घालतात. सावलीत, वारा लागेल असे उभे करून वाळवणे योग्य. तेलाने दोन्ही रबरे फुगतात. आग लागल्यास फोम वेगाने पेटून दाट धूर सोडतो. गंधकाने एकदा बांधलेले रबर वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. जुन्या गादीचे फार तर तुकडे करून भरावासाठी वापरता येतात.