गोल्फमधील ‘ब्लेड’ काठ्या : त्या कोणीं घ्याव्या ?

आपल्या शाळेंत क्रिकेट, हॉकी व फुटबॉल हे खेळ खेळले जातात. गोल्फ खेळला जात नाहीं. त्यामुळें ह्या लेखाचा मथळा पाहून कांहीं विद्यार्थी पान उलटण्याच्या बेतांत असतील. त्यांनीं थोडें थांबावें, अशी आमची विनंति आहे. गोल्फ खेळणारास दोन-चार वर्षांच्या सरावानंतर बहुधा एक प्रश्न पडतो; आणि तो नीट उलगडून पाहिला असतां पदार्थविज्ञानाचा एक सुंदर नियम, कारखानदारीचा थोडा इतिहास, आणि पैसा व अहंकार यांचा हिशेब, हीं सर्व त्यांत सांपडतात. तो प्रश्न असा : हातांतील सोप्या काठ्या टाकून ‘ब्लेड’ जातीच्या अवघड काठ्या घ्याव्या कीं नाहीं ?

प्रथम खेळाची तोंडओळख करून घेऊं. गोल्फचा चेंडू लहान व कठीण असतो. त्याचा व्यास निदान ४२.६७ मिलिमीटर असावा, व वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावें, असा नियम आहे. जमिनीवर स्थिर असलेला हा चेंडू काठीच्या टोल्यांनीं शेंकडों यार्डांवरील एका लहान भोकांत घालावयाचा. ज्याचे टोले कमी तो विजयी. खेळाडूस जास्तींत जास्त १४ काठ्या बाळगतां येतात. त्यांपैकीं ज्यांचें तोंड लोखंडी व चपटें असतें, त्यांस ‘आयर्न’ म्हणतात. प्रत्येक आयर्नवर अंक असतो. अंक वाढत जातो तसें तोंड अधिक तिरपें होत जातें, आणि चेंडू अधिक उंच उडून कमी दूर जातो. हा खेळ मूळचा स्कॉटलंडांतील. परंतु कलकत्त्यास त्याचा क्लब १८२९ सालीं निघाला, आणि मुंबईस चेंबूर येथील क्लब १९२७ सालचा आहे. तेव्हां तो आपणांस अगदींच परका नाहीं.

जुन्या काळीं आयर्न घडविणारे कारागीर लोहार होते. तापविलेलें लोखंड ठोकून ते काठीचें डोकें घडवीत. सेंट अँड्र्यूज येथील टॉम स्ट्यूअर्ट याच्या कारखान्यांतील डोक्यांवर तंबाखूच्या चिलमीचें लहानसें चिन्ह उमटविलेलें असे, व तें पाहून खेळाडू माल पारखीत. ह्या जुन्या घाटाचें आजचें रूप म्हणजे ब्लेड. तिचें डोकें लहान, तळ अरुंद आणि पाठ भरीव असते. धातूचा मोठा भाग चेंडू जेथें लागावयाचा त्या मध्याच्या मागेंच एकवटलेला असतो. शतकाच्या मध्यापर्यंत सर्वच आयर्न थोड्याफार फरकानें अशा होत्या. निवडीचा प्रश्नच नव्हता.

निवड निर्माण केली ती कार्स्टन सोल्हाइम नांवाच्या एका इंजिनियरानें. हा गृहस्थ १९११ सालीं नॉर्वेमधील बर्गेन येथें जन्मला, व बाळपणींच अमेरिकेस गेला. कांहीं वर्षें त्यानें जोडे दुरुस्त करून पोट भरलें. पुढें तो जनरल इलेक्ट्रिक कंपनींत इंजिनियर झाला. गोल्फ खेळावयास त्यानें प्रारंभ केला तो चाळिशी उलटल्यावर. चेंडू भोकाकडे हळूच लोटण्याची जी ‘पटर’ नांवाची काठी असते, ती हातांत किंचित् फिरते व चेंडू वांकडा जातो, हें त्याच्या ध्यानांत आलें. म्हणून १९५९ सालीं त्यानें घरच्या गॅरेजमध्यें अशी एक पटर तयार केली, कीं जिच्या डोक्याचें वजन मध्यावरून काढून दोन्ही टोकांस वांटलें होतें. चेंडूस लागतांना ‘पिंग’ असा आवाज होई. तेंच नांव त्या काठीस मिळालें. पुढें हेंच तत्त्व त्यानें आयर्नना लाविलें. त्यासाठीं धातु ठोकण्याऐवजीं मेणाच्या नमुन्यावरून साचा करून त्यांत पोलाद ओतण्याची रीत त्यास सोयीची झाली. आपल्या दक्षिणेंतील चोलकालीन धातुमूर्ति मेणाच्या नमुन्यावरूनच ओतल्या गेल्या, तत्त्व तेंच. अशा ओतकामांत पाठीमागें पोकळी ठेवून कडा जाड करणें सोपें जातें. १९८२ सालीं निघालेला त्याचा ‘पिंग आय २’ हा संच फार खपला. अशा आयर्नना ‘कॅव्हिटी-बॅक’ म्हणतात. आपण त्यांस सोयीसाठीं ‘पोकळपाठी’ म्हणूं.

आतां वजन कडेस नेल्यानें काय साधतें ? दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातांत लांब बांबू आडवा धरते, हें सर्वांनीं पाहिलें असेल. बांबूचें वजन तिच्या अंगापासून दूर पसरलेलें असल्यामुळें तो चटकन् फिरत नाहीं, आणि तिला तोल सांवरावयास अवधि मिळतो. विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करून पहावा. एक फुटपट्टी घेऊन तिच्या मधोमध ओल्या मातीचे दोन सारखे गोळे चिकटवावे; पट्टी मध्यावर धरून मनगटानें झटकन् इकडून तिकडे फिरवावी. नंतर तेच गोळे दोन टोकांस लावून पुन्हां फिरवावी. वजन तेंच, पट्टी तीच. पण दुसऱ्या वेळीं मनगटास अधिक जोर लागेल. मध्यापासून वजन जितकें दूर, तितकी वस्तु फिरविण्यास कठीण, असा हा नियम आहे. चेंडू काठीच्या मध्यावर न लागतां टोंकाकडे लागला, कीं तो डोक्यास फिरविण्याचा यत्न करितो. ब्लेड लवकर फिरते; म्हणून टोला फुकट जातो, चेंडू बाजूस पडतो, व हातास झिणझिण्या येतात. पोकळपाठी कमी फिरते. म्हणून चूक झाली तरी चेंडू बराचसा इच्छित जागीं पोहोंचतो. शिवाय तिचा तळ रुंद व वजन खालीं असल्यानें चेंडू सहज वर उचलला जातो. ह्या गुणास खेळाडू काठीची ‘क्षमा’ म्हणतात.

मग ब्लेड घेण्यांत लाभ तरी कोणता ? तिचा अरुंद तळ दाट गवतांतून नीट जातो, आणि लहान डोकें कुशल हातास हवें तसें वळवितां येतें. चेंडू मुद्दाम डावीकडे, उजवीकडे किंवा खालून नेणें ज्यास साधतें, त्यास ती आज्ञाधारक वाटते. टोला नेमका मध्यावर लागला, कीं हातास जो गोड स्पर्श जाणवतो, त्याचें वर्णन खेळाडू मोठ्या प्रेमानें करितात. त्या सुखांत कानावर पडणाऱ्या आवाजाचा वांटाहि मोठा असतो. ठोकीव धातूमुळेंच हा स्पर्श येतो, असें पुष्कळ लोक समजतात. पण आज ठोकीव पोकळपाठी काठ्याहि मिळतात. तेव्हां ‘ठोकीव’ आणि ‘ब्लेड’ हे दोन शब्द एकच मानूं नयेत.

येथें ग्राहकानें एका गोष्टीची सावधगिरी बाळगावी. ७ अंकाच्या ब्लेडचें तोंड सुमारें ३४ ते ३५ अंश तिरपें असतें. आजच्या पुष्कळ सोप्या संचांत त्याच अंकाच्या काठीचें तोंड अवघें २८ ते ३० अंश असतें. अर्थात् दुसरी काठी चेंडू अधिक दूर नेते. परंतु हें सामर्थ्य पुष्कळ अंशीं कोनाचें आहे. परीक्षेचा कागद सोपा काढून गुण वाढावे, तसाच हा प्रकार. ब्लेड हातीं घेतल्यावर ‘आपली शक्ति घटली’ असें ज्यास वाटतें, त्यानें प्रथम दोन्ही काठ्यांचे अंश विचारावे.

ब्लेडच्या बाजूनें सर्वांत जोराचें म्हणणें असें, कीं ती चूक झांकीत नाहीं, म्हणून ती खेळाडूस शिकविते. ह्यांत तथ्य आहे. स्पेनमधील सेव्हे बायेस्तेरोस (जन्म १९५७) यास लहानपणीं वडील भावानें ३ अंकाच्या एका जुन्या आयर्नचें डोकें दिलें होतें. त्या एका काठीनें तो पेद्रेन्या गांवच्या समुद्रकांठच्या वाळूंत तासन् तास चेंडू मारीत राहिला, व पुढें १९७९, १९८४ आणि १९८८ या वर्षीं ब्रिटिश ओपन जिंकला. परंतु त्यास शिकविलें तें काठीनें कीं त्या तासांनीं ? आम्ही शिक्षक वहींत लाल शाईनें खुणा करितों. ज्या मुलास तें गणित पुन्हां सोडवावयास वेळ आहे, त्यास त्या खुणांचा उपयोग होतो. ज्यास वेळ नाहीं, त्याच्या वहींत नुसती लाली वाढते, आणि कांहीं दिवसांनीं तो वही उघडावयास भितो. ब्लेडचेंहि असेंच आहे. ती चूक दाखविते, सुधारीत नाहीं. आठवड्यांतून तीन-चार दिवस सराव करणारास तिचें बोलणें मोलाचें; महिन्यांतून एकदां खेळणारास तें केवळ टोचणी होय.

मग निर्णय कसा करावा ? ह्या बाबतींत अमेरिकेचा बेन होगन याची एक काठी आम्हांस मार्गदर्शक वाटते. फेब्रुवारी १९४९ मध्यें त्याच्या मोटारीस बसची धडक बसून तो मरतां मरतां वांचला होता. पुढल्याच वर्षीं, जून १९५० मध्यें, मेरियन येथील यू. एस. ओपन स्पर्धेंत शेवटच्या भोकास त्यानें १ अंकाच्या आयर्ननें, म्हणजे अत्यंत अवघड अशा काठीनें, चेंडू ग्रीनवर आणून बरोबरी साधली, व दुसऱ्या दिवशीं सामना जिंकला. ती काठी चोरीस गेली, आणि कित्येक वर्षांनीं सांपडली. तिच्या तोंडावर एकाच जागीं, लहानशा नाण्याएवढी झीज झालेली होती ! हजारों टोल्यांची ही साक्ष होय. ब्लेड कोणाच्या हातांत शोभते, हें सांगावयास याहून निराळें प्रमाणपत्र नको.

हेंच प्रमाणपत्र प्रत्येकानें स्वतःपुरतें मिळवावें. काठीच्या तोंडावर पावडरीचा पातळ थर द्यावा, किंवा चेंडूवर शाईचा ठिपका काढावा, आणि ७ अंकाच्या काठीनें तीस टोले मारावे. टोले निवडूं नयेत; वाईट टोलाहि मोजावा. खुणा एका नाण्याएवढ्या जागेंत दाटल्या असतील, व काठी आधीं चेंडूस आणि मग जमिनीस लागत असेल, तर ब्लेडचा विचार करण्यास हरकत नाहीं. खुणा तोंडभर विखुरल्या असतील, तर दोष काठीचा नव्हे, आणि नव्या काठीनें तो जाणारहि नाहीं. पहिली परीक्षा उतरल्यावरहि सबंध संच एकदम विकत घेऊं नये. वापरलेली एकच ब्लेड घ्यावी, व महिनाभर जुनीबरोबर आलटून पालटून खेळून गुणसंख्या लिहून ठेवावी. लहान अंतराच्या काठ्या ब्लेड, आणि लांब अंतराच्या पोकळपाठी, असा मिश्र संच ठेवण्याचीहि रीत आहे; आज कित्येक धंदेवाईक खेळाडू असेंच करितात. त्यांस त्यांत कमीपणा वाटत नाहीं, तर हौशी खेळाडूनें कां वाटून घ्यावा ?

पालकांस येथें आमची एक सूचना आहे. टायगर वुड्स याने ब्लेडनीं मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या हें खरें. परंतु मुलगा ‘मलाहि तशाच हव्यात’ म्हणूं लागला, तर त्यास रागें भरूं नये, आणि लगेच दुकानांतहि नेऊं नये. ‘तुझ्या काठीवरच्या खुणा दाखीव’, एवढेंच म्हणावें. आमच्या विद्यार्थ्यांसहि हें लागू आहे. नव्या बॅटीचा हट्ट धरण्यापूर्वीं जुन्या बॅटीवरचे लाल डाग कोठें पडले आहेत, मध्यावर कीं कडेवर, हें त्यांनीं दिव्याजवळ नेऊन एकदां पहावें. डाग कडेवर असतील तर तीच बॅट घेऊन मैदानावर जावें. मध्यावर असतील तर वडिलांकडे जावें, व बॅट सोबत न्यावी.