जुन्या पिकप मोटारींतील ठिणगीचा दोष

शेतमाल बाजारांत नेण्यास जुनी पेट्रोल पिकप बाळगणारे शेतकरी अद्याप आहेत. ती पहाटे सुरू झाली नाहीं, तर भरलेली भाजी जागींच सुकते. आणि घाईनें एकामागून एक भाग बदलल्यास पैसा जाऊनही दोष राहतोच. शेवटच्या वाफ्यास पाणी पोचलें नाहीं, म्हणजे आपण पाट मुखापासून पाहत जातों. विजेचा शोधही तसाच क्रमानें घ्यावा, असें आम्ही सुचवितों. पुढील विवेचन पॉइंट व १२ व्होल्ट बॅटरी असलेल्या गाड्यांपुरतें आहे.

प्रथम गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक लावावा. एक प्लग काढून पुन्हा त्याच्या तारेस जोडावा, भोकापासून दूर इंजिनाच्या धातूस टेकवावा व इंजिन फिरवावें. तार कोरड्या लाकडी चिमट्यानें धरावी. तिच्यांत हजारों व्होल्टांचा दाब असतो. ठिणगी निळी व कडकडीत असल्यास दोष बहुधा पेट्रोलचा किंवा ठिणगीच्या वेळेचा. ती पिवळी, मंद किंवा मुळींच नसल्यास पुढें जावें.

बॅटरीच्या टोकांवरील गंज खरवडून तारा आवळाव्या. मग स्विच चालू करून १२ व्होल्टांच्या दिव्याची एक तार इंजिनास व दुसरी कॉइलच्या स्विचकडील टोकास लावावी. दिवा न लागल्यास दोष स्विचचा किंवा त्याच्या तारेचा. लागल्यास तीच तार डिस्ट्रिब्यूटरकडील टोकास लावून इंजिन फिरवावें. दिव्याची उघडझाप झाली, तर पॉइंट काम करीत आहेत. तो सतत पेटला, तर पॉइंट मिटत नाहींत किंवा मळले आहेत. सतत विझलेला राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत, कंडेन्सर बिघडला आहे किंवा कॉइलची आंतली तार तुटली आहे. विलीस जीपच्या एफ-१३४ इंजिनांत पॉइंटांची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर असावी लागते.

पॉइंट ठीक असल्यास कॉइलची मधली जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींतून काढून, त्याच चिमट्यानें इंजिनापासून पाव इंचावर धरावी. तेथें ठिणगी जोरदार पडल्यास दोष टोपी, रोटर, तारा किंवा प्लग यांत आहे. न पडल्यास कॉइल अथवा कंडेन्सर पाहावा. गाडी तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होत असेल, तरीही संशय याच दोहोंवर घ्यावा. पावसाळ्यांत टोपींत ओल धरते. ती कोरड्या फडक्यानें पुसावी. तडा असल्यास मात्र टोपी बदलावी.

तपासणी संपतांच स्विच बंद करावा. पॉइंट मिटलेले राहिल्यास कॉइल तापून निकामी होते. टोपी पुसून काम भागतें तेथें नवी कॉइल घेणें, हा निव्वळ भुर्दंड होय.